विश्लेषण : घरातच इंजिन घडवणारे अर्देशीर वाडिया आणि गॅरेजमधली जुनी हवेची टाकी

बार्शीटाकळीपासून अकोल्यापर्यंतच्या रस्त्यावर पंक्चरचे दुकान, ट्रॅक्टरचे गॅरेज किंवा रंगकामाचे शेड दिसले, की तिथे हवेची टाकी असतेच. अनेक ठिकाणी ही टाकी घराच्या ओट्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा अंगणात असते. वडिलांनी घेतलेली टाकी मुलगा वापरतो, मोटार दोनदा बदलली जाते, पट्टा दरवर्षी बदलतो. टाकी मात्र तीच राहते. ती आतून कशी आहे, हे कुणी पाहिलेले नसते.

दाबाखालच्या लोखंडाचे वय कुणी तपासायचे, हा प्रश्न मुंबईत पावणेदोनशे वर्षांपूर्वीही होता. तेव्हा ही जबाबदारी अधिकृतपणे एका भारतीय माणसावर आली. त्याने स्वतःच्या घरात कारखाना थाटला होता. त्याचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया. त्यांचे आयुष्य आणि आजच्या टाकीची सुरक्षितता, दोन्ही समजून घेऊ.

कोण होते अर्देशीर वाडिया?

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. वाडिया हे जहाजबांधणीतले नावाजलेले पारशी घराणे. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीचे काम त्यांनी उभे केले. पुढे पिढ्यान् पिढ्या गोदीचे मुख्य मिस्त्रीपद याच घरात राहिले. मलबारी सागाची वाडियांनी बांधलेली जहाजे इतकी टिकाऊ निघाली, की १८१७ मध्ये मुंबईत तयार झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.

अर्देशीर चौदाव्या वर्षी गोदीत लागले. घरच्या परंपरेप्रमाणे त्यांनी लाकूड, शिडे आणि जहाजाचा सांगाडा यांत आयुष्य काढायला हवे होते. पण त्यांचे वय एकवीस असताना गोदीत एक वेगळे जहाज तयार झाले. १८२९ मध्ये मुंबईत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात उतरली आणि मार्च १८३० मध्ये ती सुएझकडे निघाली. तिचा सांगाडा मुंबईचा होता, इंजिने विलायतेची होती.

घराणे लाकडात पारंगत होते, पण काळ वाफेचा येत होता. अर्देशीर यांनी वाफेची बाजू धरली. आज वडिलांचे सायकलचे दुकान सोडून मुलगा इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळतो, तसाच हा बदल होता.

माझगावच्या बंगल्यात काय चालायचे?

अर्देशीर यांचे शिक्षण कोणत्याही कॉलेजात झाले नाही. मुंबईत तेव्हा इंजिनीअरिंगचे कॉलेजच नव्हते. जे शिकले ते गोदीत आणि घरी. माझगावच्या बंगल्यात त्यांनी हळूहळू स्वतःची कार्यशाळा उभी केली, पुढे तिथेच लोखंड ओतण्याची छोटी फाउंड्रीही सुरू झाली.

वयाच्या पंचविशीत, म्हणजे १८३३ च्या सुमारास, त्यांनी एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन तयार केले. विहिरीतले पाणी उपसायला ते वापरले जाई. त्याच वर्षी त्यांनी ६० टनांचे ‘इंडस’ हे छोटे जहाज पाण्यात उतरवले. १८३४ मध्ये त्यांनी माझगावचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला अजून तीस वर्षे होती. हे दिवे पाहायला खुद्द गव्हर्नर आले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वाफेचे इंजिन म्हटले की बॉयलर आला, आणि बॉयलर म्हणजे दाबाखाली असलेले बंद भांडे. घरी अशा भांड्यावर काम करणाऱ्या माणसाला एकाच वेळी तीन भूमिका कराव्या लागतात : घडवणारा, चालवणारा आणि तपासणारा. पहिल्या दोन भूमिका आवडीच्या असतात. तिसरी कंटाळवाणी असते, कारण तिच्यातून नवे काहीच तयार होत नाही. वराडातल्या घरगुती गॅरेजमध्ये आजही नेमके हेच घडते. मेकॅनिक मशीन उत्तम चालवतो, बिघडले तर दुरुस्तही करतो. तपासणीची पाळी मात्र टाकी गळू लागल्यावरच येते.

घरच्या टाकीत बॉयलरइतका दाब असतो का?

अनेकांना आश्चर्य वाटेल, पण त्या काळच्या आगबोटींच्या बॉयलरपेक्षा आजच्या पंक्चरच्या दुकानातल्या टाकीत दाब कितीतरी जास्त असतो. १८४० च्या सुमारास आगबोटींचे बॉयलर साधारण ५ ते १० पाउंड दाबावर चालत. आज मोटरसायलच्या मागच्या चाकात ३०-३५ पाउंड हवा भरतात. आणि ती हवा ज्या टाकीतून येते, तिच्यात ८ बार म्हणजे सुमारे ११५ पाउंड दाब असतो. गॅरेजच्या भाषेत हाच ‘आठ किलो’.

अर्थात, बॉयलर आणि हवेची टाकी यांत फरक आहे. बॉयलरमध्ये उकळते पाणी असते. तो फुटला की त्या पाण्याची क्षणात वाफ होते, म्हणून त्याचा स्फोट फार मोठा असतो. हवेच्या टाकीत तेवढी ऊर्जा नसते. पण जी असते ती कमी नाही.

हिशेब साधा आहे. १५० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरली, तर तिच्यात सुमारे १५० किलोज्यूल ऊर्जा साठते. एवढ्या ऊर्जेने ८०० किलोची मोटार साधारण १९-२० मीटर, म्हणजे सहा मजली इमारतीइतकी उंच उचलता येईल. टाकी फाटली तर ही ऊर्जा सेकंदाच्या छोट्याशा भागात बाहेर पडते. टाकीचे बूड वेगळे होऊन ती रॉकेटसारखी वर जाऊ शकते, किंवा पत्रा फाटून त्याचे तुकडे आडवे सुटतात.

लंडनमध्ये ते काय शिकले?

घरच्या कार्यशाळेची एक मर्यादा असते. चूक दाखवायला तिथे दुसरे कुणी नसते. अर्देशीर यांना हे जाणवले असेल-नसेल, पण १८३९ मध्ये त्यांनी विलायतेला जायचे ठरवले. त्यांच्याच घराण्यातले दोन तरुण, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, आधीपासून तिथे जहाजबांधणी शिकत होते. अर्देशीर तांबड्या समुद्राच्या मार्गाने गेले. या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

लंडनमध्ये त्यांनी आगबोटींची इंजिने बनवणारे कारखाने पाहिले. इंजिन तयार करण्याची रीत, बॉयलरचे पत्रे जोडण्याची पद्धत, तयार मालाची चाचणी, हे सारे त्यांनी जवळून पाहिले. ज्या यंत्राचे भाग आजवर त्यांनी एकट्याने जुळवले होते, तेच इथे शेकडो कामगार ठरलेल्या मापांनी बनवत होते. याच मुक्कामात राणी व्हिक्टोरिया यांच्यापुढेही ते सादर झाले.

२७ मे १८४१ रोजी त्यांची रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर दुसऱ्या भारतीयाची निवड व्हायला १९१८ साल उजाडले. ते दुसरे होते गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन.

मुंबईत त्यांच्यावर कोणती जबाबदारी आली?

१८४१ मध्ये अर्देशीर यांनी मुंबईत कंपनीच्या स्टीम फॅक्टरीत मुख्य इंजिनीअर आणि यंत्रसामग्रीचे निरीक्षक म्हणून सूत्रे हाती घेतली. त्यांच्या हाताखाली युरोपीय सहायक, शंभराच्या आसपास युरोपीय इंजिनीअर आणि बॉयलर बनवणारे कारागीर, आणि त्याच्या दुपटीच्या आसपास देशी कारागीर होते.

हे पद सहज पचणारे नव्हते. एका भारतीयाच्या हाताखाली इतके युरोपीय काम करणार, हे मुंबईतल्या इंग्रजांना रुचले नाही. तेव्हाच्या ‘बॉम्बे टाइम्स’नेही नेमणुकीवर टीका केली. माणूस कितीही हुशार असला, तरी अशा पदावर देशी माणूस नको, असा तो सूर होता. अर्देशीर यांनी हे पद १८५७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे सांभाळले. टीकेला याहून वेगळ्या उत्तराची गरज राहिली नाही.

या पदाच्या नावातला निरीक्षक हा शब्द महत्त्वाचा आहे. मुख्य इंजिनीअर यंत्र चालू ठेवतो. निरीक्षकाला प्रसंगी ते बंद ठेवायला सांगावे लागते. बंदरात आलेल्या आगबोटीला लवकर निघायचे असते, कप्तानाला घाई असते, पण पत्रा झिजला असेल तर निघू नका असे सांगणारा कुणीतरी लागतो. युरोपीय कप्तानांनी भरलेल्या बंदरात हे काम एका भारतीयाकडे असणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्या काळी बॉयलर तपासायचे कसे?

तेव्हाच्या आगबोटींच्या बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी भरत. त्यामुळे आत क्षाराचा जाड थर बसायचा. क्षाराखाली पत्रा जास्त तापायचा, बाहेरून गंजायचा आणि हळूहळू पातळ व्हायचा. बाहेरून बॉयलर धडधाकट दिसत असतानाच तो आतून संपत आलेला असे.

तपासणीच्या दोन पद्धती सर्वत्र रूढ होत्या. पहिली हातोडीची. बॉयलर थंड आणि रिकामा असताना पत्र्यावर ठिकठिकाणी टकटक करायची. जाड पत्र्याचा आवाज वेगळा, झिजलेल्याचा वेगळा. जाणकार कान लगेच ओळखत. दुसरी पद्धत पाण्याच्या दाबाची. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा आणि हातपंपाने नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा. कुठे गळते, कुठे पत्रा फुगतो, ते बघायचे.

तिसरा आधार सेफ्टी वॉल्व्हचा. हा शोध त्याहून जुना. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ यांनी अन्न शिजवण्याच्या बंद भांड्यावर वजनाचा वॉल्व्ह बसवला. दाब वाढला की वजन उचलले जाते आणि वाफ बाहेर पडते. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी त्याच तत्त्वावर चालते. पण वॉल्व्हवर जास्त वजन ठेवून जास्त दाब मिळवण्याचा मोहही तितकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी स्फोटांच्या मुळाशी हा मोहच होता.

जगात तेव्हा काय चालले होते?

१८४९ मध्ये अर्देशीर अमेरिकेला गेले आणि लाकूड कापण्याची यंत्रे घेऊन आले. ती अमेरिका बॉयलरच्या स्फोटांनी हैराण झालेली होती. नद्यांमधल्या आगबोटी वेगाची स्पर्धा करत, त्यांचे बॉयलर जास्त दाबावर चालत आणि फुटत. १८३८ मध्ये तिथे पहिला कायदा झाला, पण तो अपुरा पडला. १८५२ मध्ये दुसरा, जास्त कडक कायदा झाला. त्यात बॉयलरची पाण्याच्या दाबाने चाचणी आणि निरीक्षकांची नेमणूक आली. तरीही १८६५ मध्ये ‘सुल्ताना’ या आगबोटीचे बॉयलर फुटून हजाराहून जास्त माणसे गेली. तिच्या बॉयलरला निघण्याआधी घाईघाईने ठिगळ लावलेले होते.

इंग्लंडमध्ये १८५४ मध्ये मँचेस्टरच्या कारखानदारांनी एकत्र येऊन बॉयलर तपासणीची संघटना काढली. भारतात १८६३ मध्ये कलकत्त्याला मोठा स्फोट होऊन माणसे दगावली, आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये पहिला बॉयलर कायदा झाला. पुढे १९२३ मध्ये देशभरासाठी एकच कायदा आला. १०२ वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

म्हणजे मुंबईत अर्देशीर यंत्रांचे निरीक्षक झाले तेव्हा भारतात बॉयलरचा कायदाच नव्हता. तपासणी व्हायची ती नेमलेल्या माणसाच्या ज्ञानावर आणि सचोटीवर. बार्शीटाकळीच्या गॅरेजमधली टाकी आजही जवळपास त्याच स्थितीत आहे. त्याचे कारण पुढे पाहू.

‘लवजी फॅमिली’ काय होती?

फेब्रुवारी १८५१ मध्ये अर्देशीर यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरवली. नाव घराण्याच्या मूळपुरुषाचे. वैशिष्ट्य असे, की तिच्या यंत्रांचे भाग माझगावच्या घरच्या फाउंड्रीतच तयार झाले होते. ‘ह्यू लिंडसे’ची इंजिने विलायतेहून आली होती. वीस-बावीस वर्षांत ते काम एका घराच्या आवारात होऊ लागले होते.

घरगुती कार्यशाळेला कमी लेखणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जागा घरची आहे म्हणून काम कच्चे होत नाही. पण त्या घरात काम करणारा माणूस दिवसा सरकारी कारखान्यात इतरांचे बॉयलर तपासत होता, हेही तितकेच खरे. तपासणीची नजर तो घरीही घेऊन येत असणार. शिवणयंत्र, फोटोग्राफी आणि धातूवर विजेने मुलामा चढवण्याची कला मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

शेवटची वर्षे कशी गेली?

१८५७ मध्ये अर्देशीर निवृत्त झाले आणि इंग्लंडला गेले. पण यंत्रांनी त्यांना पुन्हा बोलावले. १८६१ मध्ये सिंधू नदीत आगबोटी चालवणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीत त्यांनी अधीक्षक इंजिनीअरचे काम घेतले. दोन वर्षांनी तब्येतीमुळे ते सोडले. उरलेले आयुष्य त्यांनी लंडनजवळच्या रिचमंड इथे काढले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. २७ मे १९६९ रोजी, रॉयल सोसायटीवरच्या निवडीच्या दिवशी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मग आजच्या हवेच्या टाकीवर कायदा का लागत नाही?

बॉयलरचा कायदा वाफेसाठी आहे. हवेच्या टाकीत वाफ तयार होत नाही, म्हणून ती त्यात येत नाही. कारखान्यांतल्या दाबाच्या टाक्यांसाठी १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३१ होते, आणि राज्याच्या नियमांत ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून तपासणीची तरतूद होती. पण हे सारे ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी. बाप-लेक मिळून चालवतात ते गॅरेज त्या व्याख्येत बसत नाही.

भारतीय मानक संस्थेने हवेच्या टाक्यांसाठी आयएस ७९३८ हे मानक ठरवलेले आहे. पण मानक टाकी बनवताना लागते. वीस वर्षांनी ती टाकी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेली, की तिच्या दारात कुणी निरीक्षक येत नाही. त्यामुळे निरीक्षकाचे काम मालकालाच करावे लागते.

टाकी आतून का गंजते?

कारण पाणी. हवेत बाष्प असते. हवा दाबली की ते बाष्प टाकीत पाण्याच्या रूपाने खाली बसते. वराडात उन्हाळा कोरडा असला, तरी आषाढ-श्रावणात हवा ओली असते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली, तर १५० लिटरची टाकी ८ बारपर्यंत एकदा भरायला लागणाऱ्या हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. यातले बहुतेक टाकीत किंवा नळीत सुटते. दिवसभरात अशा आठ-दहा भरण्या झाल्या, तर पाव लिटरच्या आसपास पाणी जमू शकते.

हे पाणी बुडाशी बसते. म्हणून टाकी सगळीकडून सारखी गंजत नाही, तळाशी गंजते. बाहेरचा रंग चकचकीत राहतो आणि खालचा पत्रा आतून कुरतडला जातो. पत्रा निम्मा पातळ झाला, की त्याच दाबाला त्याच्यावरचा ताण दुप्पट होतो. त्यात भर म्हणजे टाकी दिवसातून कितीतरी वेळा भरते आणि रिकामी होते. या ताण-सैलीने जोडांमध्ये, विशेषतः पाय आणि मोटारीची बैठक जिथे वेल्ड केलेली असते तिथे, बारीक चिरा पडतात. वैशाखात पत्र्याच्या शेडखाली टाकी तापली, तर भरलेल्या टाकीचा दाब अर्धा बार आपोआप वाढतो. नवी टाकी हे सहज सोसते. जुनीचा भरवसा धरता येत नाही.

घरच्या घरी काय तपासता येईल?

पाणी काढणे : रोज काम संपल्यावर दाब कमी करून टाकीखालचा ड्रेन कॉक हळू उघडावा. पाणी तांबूस येत असेल किंवा त्यात गंजाचे कण असतील, तर आतला पत्रा झिजतो आहे.

सेफ्टी वॉल्व्ह : आठवड्यातून एकदा त्याची कडी ओढून पाहावी. चेहरा आणि कान बाजूला ठेवावेत. हवा सुटली नाही किंवा कडी सोडल्यावर वॉल्व्ह बंद झाला नाही, तर तो बदलावा. त्याच्या जागी बोल्ट ठोकणे किंवा जास्त दाबाचा वॉल्व्ह बसवणे म्हणजे सुल्तानाच्या काळात परत जाणे.

कटऑफ : प्रेशर स्विच टाकीच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाच्या आत मोटार बंद करतो का, हे काट्यावर पाहावे. काटा शून्यावर परत येत नसेल, तर तो काटाच खोटा आहे. लवकर हवा भरावी म्हणून स्विचचा स्क्रू पिळून दाब वाढवू नये.

पाटी : टाकीवर दाब, क्षमता आणि निर्मितीचे वर्ष लिहिलेली पाटी असते. ती रंगाखाली गेली असेल तर साफ करावी. पाटीच नसेल, तर त्या टाकीचा जन्म आणि ताकद कुणालाच माहीत नाही, असे समजावे. जुन्या गॅस सिलिंडरपासून किंवा प्लास्टिकच्या पाइपपासून बनवलेली टाकी तर वापरूच नये.

बाहेरून : तळ, पायांजवळचे वेल्ड आणि ड्रेनची जागा बोटाने आणि बॅटरीने पाहावी. फुगवटा, खोल गंज किंवा बारीक फुसफुस आढळली, तर मोटार बंद करून हवा सोडावी आणि टाकी कायमची बाद करावी. भोकावर वेल्डिंगचे ठिगळ किंवा एम-सील लावून काम भागत नाही. एक भोक दिसते, त्याच्या आजूबाजूचा पत्राही तेवढाच पातळ झालेला असतो.

पाण्याची चाचणीच का?

टाकी जुनी असून वापरात ठेवायची असेल, तर दोन गोष्टी जाणकाराकडून करून घ्याव्यात. एक, अल्ट्रासोनिक यंत्राने तळाच्या पत्र्याची जाडी मोजणे. हे यंत्र म्हणजे जुन्या हातोडीचाच नवा अवतार. आवाज आत पाठवून तो परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून ते जाडी सांगते. दोन, पाण्याच्या दाबाची चाचणी.

ही चाचणी हवेने कधीच करू नये. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. चाचणीत टाकी फाटली, तर पाणी गळते आणि दाब एकदम शून्यावर येतो. तीच चाचणी हवेने केली आणि टाकी फाटली, तर आधी सांगितलेली सहा मजली ताकद सुटते. त्याच दाबाला पाण्यातली ऊर्जा हवेच्या हजारपटीहून कमी असते. अर्देशीर यांच्या काळातले निरीक्षक पाणी भरूनच बॉयलर तपासत, ते यामुळेच. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मान्यता दिलेल्या सक्षम व्यक्ती कारखान्यांच्या टाक्या तपासतात. एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात विचारले, तर त्यांच्यापर्यंत पोहोचता येते.

बाद टाकीचे काय करायचे?

ती भंगारात तशीच देऊ नये. भंगारातून तीच टाकी रंग लावून दुसऱ्या गावात, दुसऱ्या गॅरेजमध्ये जाते. आधी हवा पूर्ण सोडावी, वॉल्व्ह काढावा आणि मग टाकीला मोठे भोक पाडून किंवा ती कापून द्यावी. पैसे भंगाराच्या वजनाने तेवढेच मिळतात.

जागेचाही विचार हवा. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकासाठी ठेवलेला बाक अनेकदा टाकीला लागूनच असतो, आणि शाळेतून येणारी मुले सायकलची हवा भरायला तिथेच उभी राहतात. टाकी भिंतीच्या आड, उन्हापासून दूर आणि बसण्याच्या जागेपासून लांब ठेवायला काही खर्च येत नाही.

अर्देशीर यांना निरीक्षक म्हणून कंपनीने नेमले होते, त्यासाठी पगार दिला होता. घरगुती गॅरेजच्या मालकाला असे कुणी नेमत नाही. पण संध्याकाळी शटर ओढण्याआधी ड्रेन कॉक उघडून दोन मिनिटे पाण्याचा रंग पाहणारा मालक तेच काम करत असतो.